पाळकसाहेबांना सोमवारी फोन करू नका

मोठ्या संकटात खचलेला चर्चचा पाळक मी अजून पाहिला नाही. कूलरच्या बिलावरून खचलेला पाहिलाय.

मागच्या मे महिन्यात उपासनेनंतर कमिटीची मीटिंग होती. बाहेर नागपूरचं ऊन, आत एकच विषय : कूलरची खस कोणाला विचारून बदलली? तासभर तेच चाललं. पाळकसाहेब आदल्या रात्री मेडिकल हॉस्पिटलच्या वॉर्डात एका आजीजवळ उशिरापर्यंत बसून आले होते. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. ते समोरच्या कागदावर पेनानं चौकोन काढत होते, चौकोनात आणखी चौकोन. शेवटी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडिलांपैकी (एल्डर) एक जण म्हणाले, "साहेब, प्रार्थना वाढवा."

मला हा सल्ला पटत नाही. बायबलमधलं १ राजे १९ काढून वाचा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या एका धमकीनं पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो. देवदूत उठवून निखाऱ्यावरची भाकर नि पाणी देतो. तो खाऊन पुन्हा झोपतो, मग पुन्हा जेवण. "तू इथे काय करतोस?" हा प्रश्न पुढे होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांनी. आम्ही तो पहिल्याच मीटिंगला विचारतो!

मोशेचंही तेच. गणना ११ मध्ये तो सरळ म्हणतो, हे लोक मला एकट्याला झेपत नाहीत, त्यापेक्षा मारून टाक. उत्तर काय मिळालं? सत्तर वडील. ओझं वाटून घ्यायला माणसं दिली.

आपल्याकडे चिकाटीचं उदाहरण म्हणून हमखास मिशनरी स्टीफन हिस्लॉप येतात. १८४५ ला नागपुरात आले, १८६३ ला वारले, त्यांच्या नावाचं कॉलेज निघालं १८८३ ला. पेरलं ते त्यांनी पाहिलं नाही, वगैरे. खरंच आहे. पण हा माणूस मिशनच्या कामासोबत नागपूरच्या आसपासचे दगड नि जीवाश्म जमवत हिंडायचा, हे कोणी सांगत नाही. टाकळघाटची शिळावर्तुळं पाहायला गेले असतानाच परतीच्या वाटेवर पुराच्या पाण्यात बुडाले. आज आमच्या पाळकांनी असा एखादा छंद धरला तर पुढच्या मीटिंगला विषय निघेल, साहेबांना फार वेळ आहे वाटतं!

तर आम्ही दोन गोष्टी ठरवल्यात. सोमवारी पाळकसाहेबांना फोन नाही. मयत असेल तर आधी सेक्रेटरीला कळवायचं. आणि हॉस्पिटलच्या भेटी वडिलांनी वाटून घ्यायच्या. कुरकूर सुरू झालीच आहे : "मग पगार कशाचा?" पाळकांचा पगार किती असतो हे विचारणाऱ्याला माहीत आहे, तरी विचारतो, याचंच नवल वाटतं.

भेटींसाठी बुधवार अजून रिकामा आहे. ज्यांना जमेल त्यांनी मला कळवा, गाडीची सोय मी करतो.