हीथ्रोच्या रांगेतून मोपाकडे पाहताना

गोव्यात टॅक्सीचा विषय निघाला की दोन तट पडलेच म्हणून समजा. एक म्हणतो, ॲप आणा, पर्यटक भाडं ऐकूनच हाय खातात. दुसरा म्हणतो, ॲप आलं की गोमंतकीय आपल्याच गावात उपरा होणार. पहिल्या तटाला दाखला हवा असला की आम्हा परदेशातल्यांना पुढे करतात: लंडनला बघा, बटण दाबलं की गाडी दारात! मी लंडनमध्येच, हीथ्रो विमानतळाजवळच्या हाउन्स्लोत राहतो. बटण मीही दाबतो आणि गाडी येते, यात खोटं काही नाही. पण लंडनचा दाखला द्यायचा तर अर्धाच का?

उबर लंडनमध्ये 2012 साली आली. काळ्या कॅबच्या, म्हणजे तिथल्या पारंपरिक टॅक्सींच्या, चालकांना तोवर भाव होता तो 'नॉलेज' नावाच्या परीक्षेमुळे. चेरिंग क्रॉसच्या सभोवती सहा मैलांतले रस्ते तोंडपाठ करायचे, त्यात कित्येक वर्षं घालवायची. फोनमधल्या नकाशाने त्या पाठांतराचं मोल उतरवलं. हे कधीतरी होणारच होतं, त्याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. खरी लढाई पुढे लागली, आणि ती कॅबवाल्यांनी नाही, उबरच्याच चालकांनी लढली. कंपनीचं म्हणणं होतं, हे स्वतंत्र धंदेवाले, आम्ही फक्त गाठ घालून देतो. 19 फेब्रुवारी 2021 रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते फेटाळलं. भाडं कंपनी ठरवते, कराराच्या अटी कंपनी लिहिते, फार भाडी नाकारली तर ॲप बंद करते, गिऱ्हाईक आणि चालकाची ओळख वाढू देत नाही. मग हा कसला स्वतंत्र धंदा? चालकांना किमान वेतन आणि भरपगारी रजेचा हक्क मिळाला. त्यातही मेख आहेच. न्यायालयाने ॲप चालू ठेवून थांबलेला वेळही कामात धरला होता. कंपनी किमान वेतनाचा हिशेब करते तो भाडं स्वीकारल्यापासून गिऱ्हाईक उतरेपर्यंतचा.

थांबण्याचा वेळ म्हणजे काय ते हीथ्रोला दिसतं. विमानतळालगत भाड्याच्या गाड्यांसाठी राखीव तळ आहे. तिथे आल्यावर फोनमध्ये रांगेतला नंबर पडतो. आमच्या ओळखीचा एक गोव्यातल्या डिचोलीचा चालक आहे, पोर्तुगीज पासपोर्टवर आलेला. त्याच्या डॅशबोर्डवर दोन फोन, दोन वेगळी ॲप्स. थर्मासमधला चहा पिताना नजर नंबरावर. नंबर खाली सरकतो, मग बराच वेळ हलत नाही. का, ते विचारायला समोर माणूसच नाही. त्याचं खातं एकदा दोन दिवस बंद पडलं होतं. कारण कळलं नाही, चालू झालं तेव्हाही नाही. "गावच्या स्टँडवर निदान भांडता तरी येत होतं," तो म्हणाला.

आता माझा मामेभाऊ. पेडण्याचा. तिथल्या मोपा इथे गोव्याचा नवा विमानतळ झाला, त्यासाठी घरची जमीन गेली, त्याने कर्ज काढून टॅक्सी घेतली. 2023 च्या जानेवारीत तिथून विमानं सुरू झाली आणि पाठोपाठ काऊंटरचे तंटे. गोवा माईल्स हे ॲप पर्यटन महामंडळाच्या पुढाकाराने 2018 मध्ये आलं. त्याचा मोपावरचा काऊंटर हटवा म्हणून पेडण्याच्या टॅक्सीवाल्यांनी आंदोलनं केली. जमीन देणाऱ्याने विमानतळावरच्या धंद्यात पहिला वाटा मागितला तर तो हट्ट नव्हे. पण भाड्याची घासाघीस, ॲपवाल्याची गाडी अडवणं, पर्यटकाला सामानासकट खाली उतरवणं, याचं समर्थन मी त्याच्या तोंडावरही करत नाही. तो चिडतो, फोन ठेवतो, चतुर्थीला परत करतो.

माझी खंत वेगळी आहे. 2025 मध्ये गोवा सरकारने ॲप कंपन्यांसाठी नियमांचा मसुदा काढला आणि विरोध होताच जुलैमध्ये मागे घेतला. टॅक्सीवाल्यांनी विजय साजरा केला. मला विचाराल तर हातची संधी घालवली. अटी लिहून घ्यायची वेळ कंपनी दारात उभी असते तेव्हाच. एकदा गिऱ्हाईक तिच्या फोनात गेलं की कोण ऐकतो? त्याच जुलैत केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली. स्वतःची गाडी चालवणाऱ्याला भाड्याचा किमान 80 टक्के वाटा आणि गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत दर, असं त्यांत आहे. गोव्याने त्यावर आणखी मागायला हवं होतं. खातं बंद करायचं तर लेखी कारण आणि पणजीत सुनावणी. रांगेचा नियम सर्वांना दिसेल असा. डिसेंबरातल्या दुप्पट दरातला वाटा आधी ठरलेला.

आणि ॲप परक्याचंच हवं असं कुठे आहे? बंगळूरच्या 'नम्मा यात्री'ने रिक्षावाल्यांकडून टक्केवारी न घेता सुरुवात केली, रोजची ठरावीक फी नंतर लावली. केरळ सरकारने 2022 मध्ये 'केरळ सवारी' काढलं. गोव्यात तर टॅक्सीवाल्यांच्या संघटना गावोगावी आहेत, कुणाचा नंबर आधी याची शिस्तही आहे. ही शिस्त ॲपमध्ये घालायला पैसे लागतील, आणि आज ज्यांच्या शब्दावर स्टँड चालतो त्यांना आपला शब्द सोडावा लागेल. अडतं ते इथेच, असा माझा संशय. मामेभावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तू तिथे बसून बोल. आमच्या अध्यक्षाला कोण सांगणार?" 2027 च्या निवडणुकीआधी ते कुणी आमदार सांगेल, असं काही मला वाटत नाही.