क्रम कोणी तपासत नाही, आणि जॉब मात्र हिरवा

डेटा एकत्र करणारा रात्रीचा जॉब हिरवा, म्हणजे यशस्वी, दिसतो, लॉगमध्ये एकही इशारा नसतो, आणि तरीही ऐरोलीला उतरण्यापूर्वी, ठाण्याहून सुटलेल्या ट्रान्स-हार्बर गाडीत उभे असतानाच, ग्राहकांच्या अहवालात ओळी कमी आल्याचा फोन येतो. हा प्रकार आता असह्य झाला आहे. जॉब सरळ पडला असता तर इतका संताप झाला नसता, कारण पडलेला जॉब निदान कुठे पडला ते सांगतो.

आमचा अर्धा डेटा ओरॅकल या डेटाबेसमधून आणि अर्धा एसक्यूएल सर्व्हर या दुसऱ्या डेटाबेसमधून येतो, आणि ग्राहक-कोडवर मर्ज जॉइन (क्रमाने लावलेल्या दोन याद्या जुळवण्याची पद्धत) लावून तो एकत्र केला जातो. मर्ज जॉइन दोन्ही बाजूंची एकेक ओळ समोरासमोर ठेवतो, ज्या बाजूचा कोड लहान ती बाजू पुढे सरकवतो आणि मागे वळून कधीही पाहत नाही. त्यामुळे दोन्ही बाजू एकाच नियमाने लावलेल्या नसतील, तर जुळणारी ओळ मागे राहून जाते आणि इनर जॉइनमध्ये, म्हणजे फक्त दोन्हीकडे जुळलेल्या ओळी ठेवणाऱ्या प्रकारात, ती निमूटपणे गळते. एवढी कडक अट असताना जॉब चालवणाऱ्या आमच्या साधनात तिच्यासाठी काय आहे, तर ‘डेटा सॉर्टेड (क्रमाने लावलेला) आहे’ असे सांगणारी एक खूण! ती खूण डेटा लावतही नाही आणि तपासतही नाही.

तसे दोन्ही क्वेरींमध्ये ऑर्डर बाय, म्हणजे क्रम लावण्याची सूचना, असतेच; पण दोन्ही डेटाबेसचे क्रमाचे नियम वेगळे. ओरॅकलचा बायनरी, म्हणजे अक्षरांच्या संकेतांकांनुसारचा, क्रम सर्व कॅपिटल अक्षरे स्मॉल अक्षरांच्या आधी लावतो आणि कोडमधल्या जोडरेघेला इतर चिन्हांसारखेच मोजतो. एसक्यूएल सर्व्हरची नेहमीची कोलेशन (अक्षरांच्या तुलनेचे नियम) कॅपिटल-स्मॉल भेद मानत नाहीत आणि युनिकोड रकान्यात जोडरेघेला जवळजवळ वजनच देत नाहीत. चढत्या क्रमात नल, म्हणजे रिकामी, मूल्ये ओरॅकलमध्ये शेवटी, तर एसक्यूएल सर्व्हरमध्ये सुरुवातीला येतात. (मराठी नावांचे हाल तर वेगळेच: युनिकोडच्या संकेतांकांनुसार ळ हा ल च्या लगेच पाठोपाठ येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर असतो.) म्हणजे दोन्ही बाजू आपापल्या जागी बिनचूक, आणि एकत्र आल्या की चूक.

यावर बैठकीत मिळणारे उत्तर ठरलेले असते: “जॉब पुन्हा चालवून बघा.” तोच डेटा त्याच क्रमाने पुन्हा वाचला, तर त्याच ओळी पुन्हा गळणार, हे अनुभवी माणसांना किती वेळा सांगायचे? दुसरा सल्ला सॉर्टचा, म्हणजे डेटा नव्याने क्रमाने लावणारा, घटक मध्ये टाकण्याचा. तो अचूक आहे, पण तो घटक शेवटची ओळ हाती येईपर्यंत एकही ओळ पुढे सोडत नाही, मेमरी भरते आणि मग जॉब इतका रेंगाळतो की तोच सल्लागार घटक काढून टाकायला सांगतो.

प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा लहान तर नाही ना, एवढी एकच तुलना साधनाने करावी आणि क्रम मोडताच जॉब थांबवावा. लिनक्सवरची जॉइन ही साधी कमांडसुद्धा फाइल क्रमाने नसल्याची तक्रार करते. परवान्याचे पैसे घेणाऱ्या साधनाला तेवढेही का जमू नये?