टॅटूचा निर्णय घेताना घाई अवश्य करावी

टॅटू काढावा की काढू नये, यावर विचार करत बसणे हीच मुळात पहिली चूक आहे. विचार केल्याने उत्साह मावळतो, आणि उत्साह मावळला की 'आज ठरवलेत तर निम्म्या दरात' ही सवलत हातची जाते. तेव्हा ज्या सुज्ञ वाचकांच्या मनात सध्या हा प्रश्न घोळत असेल त्यांच्यासाठी, अलीकडेच घरात या विषयाचा भरपूर अनुभव मिळाल्यामुळे, काही सूचना येथे विनामूल्य देत आहे.

निर्णय शक्यतो गोव्यात घ्यावा. बागा किंवा कळंगुटच्या किनाऱ्यावर, सोबत चार मित्र असताना आणि दुसऱ्या दिवशी सकाळची परतीची गाडी असताना माणसाची निर्णयशक्ती जितकी स्वच्छ असते तितकी ती घरी, पोटभर जेवून, शुद्धीवर असताना कधीच नसते. कायमचा टॅटू नको वाटत असेल तर तेथे काळी मेंदीही मिळते. ही दोन आठवड्यांत निघून जाते असे सांगतात आणि ते खरेही आहे. तीत अनेकदा केसांच्या कलपातले पीपीडी हे रसायन मिसळलेले असते, ते काहींच्या कातडीला सोसत नाही, फोड येतात, मेंदी निघून जाते आणि फोडांचे वण मात्र नक्षीबरहुकूम मागे राहतात. तात्पुरत्याच्या पैशांत कायमचा टॅटू मिळण्याचा हा एकमेव मार्ग असावा.

घरातील वडीलधाऱ्यांना विचारायला हरकत नाही, कारण त्यांचे उत्तर ठरलेले असते: "आपल्याकडे असले काही चालत नाही." आमच्याकडे हे वाक्य ज्या मावशींनी उच्चारले, त्यांच्या स्वतःच्या आईच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होते. मनगटापासून कोपरापर्यंत तुळस होती, विंचू होता, आणि ज्याचे नाव तोंडाने घ्यायची चोरी होती त्या नवऱ्याचे नावही होते. मेल्यावर बरोबर येते ते फक्त गोंदण, असे ती आजी आम्हा मुलांना बजावून सांगत असे. जत्रेत गोंदणारीण बसे, काजळी आणि सुयांचा जुडगा घेऊन अख्ख्या आळीचे हात एका दुपारी उरके, आणि संस्कृतीला कोठेही धक्का लागत नसे. तेव्हा चालत होते, आता मशीनने काढले की चालत नाही. असो.

प्रेयसीचे नाव काढताना आखडता हात घेऊ नये, कारण पुढे त्यावर कव्हरअप म्हणून जो लांडगा काढावा लागतो तो मूळ नावाहून मोठा आणि काळा लागतो, आणि मोठ्या लांडग्याचा रुबाब काही वेगळाच असतो.

शुद्धलेखन तपासू नये. ज्या सॉफ्टवेअरला देवनागरी जमत नाही त्यातून स्टेन्सिल काढले की वेलांटी आपले अक्षर सोडून शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते आणि जोडाक्षरे मोडून त्यांचे पाय खाली लोंबू लागतात. पण बघणारे दुरून बघतात आणि जवळून बघणारे बहुधा आपलेच असतात.

सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडले का, शाई वेगळ्या छोट्या कपात ओतून घेतली का, हातमोजे बदलले का, असले प्रश्न विचारून कलाकाराचा अपमान करू नये. हेपटायटिस बी, हेपटायटिस सी आणि एचआयव्ही हे सुईवरून पसरतात, हे त्याला कोणीतरी सांगितलेच असेल, अशी श्रद्धा बाळगावी. शिवाय टॅटू काढल्यावर 12 महिने तुमचे रक्त रक्तपेढी घेत नाही, म्हणजे वर्षभराच्या शिबिरांतून आयती सुटका होते.

नंतर नकोसा झालाच तर लेझर आहेच, हे वाक्य सर्वांच्या जिभेवर तयार असते. शाई कातडीच्या आतल्या थरात जाते, तिचे कण शरीरातल्याच पेशी गिळून तेथेच ठाण मांडून बसतात, म्हणून तर टॅटू टिकतो. लेझर त्या कणांचा भुगा करते आणि तो भुगा शरीर सावकाश वाहून नेते. त्यासाठी अनेक सिटिंग लागतात आणि दोन सिटिंगच्या मध्ये सहा ते आठ आठवडे थांबावे लागते. काळा रंग त्यातल्या त्यात लवकर ऐकतो, हिरवा आणि पिवळा हट्टाने राहतात, आणि आपल्या सावळ्या कातडीवर पांढरट डाग उरण्याचा धोका गोऱ्यांपेक्षा जास्त. काढायला जेवढे पैसे पडले त्याच्या कित्येक पट घालवायला पडतात. पण हे सर्व आधी समजून घेतले तर मजा जाते, म्हणून समजून घेऊ नये.

आता जागेविषयी. जागा निवडताना फक्त आरशाला विचारावे. उजवा दंड सर्वांत उत्तम, कारण तेथे कातडी घट्ट असते, बाही दुमडली की दिसते आणि फोटो चांगला येतो. माझ्या भाच्यानेही दंडच निवडला. हा मुलगा तालुक्याच्या गावी एका अकॅडमीत सैन्यभरतीची तयारी करत होता. पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर धावायचा, 1600 मीटर मारून झाले की बीमला लटकायचा, दुपारी गणिताची पुस्तके घेऊन बसायचा. ऑनलाइन लेखी परीक्षा निघाली, ग्राउंड निघाले. दंडावर त्याने महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा काढून घेतली होती, कारण सैन्यात जाणाऱ्या मराठी पोराने दुसरे काय काढायचे? ज्याने ती काढली त्याला हा मुलगा भरतीची तयारी करतो हे नीट माहीत होते, कारण त्याने त्या सुजलेल्या, लालभडक दंडाचे रील बनवून खाली 'देशाचा भावी जवान' असे लिहून टाकले आणि त्याला हजारो लाइक मिळवले. त्या हजारोंपैकी एकानेही विचारले नाही की या जवानाला मेडिकलमध्ये बनियन काढायला सांगतात तेव्हा पुढे काय होते. पुढे जे होते ते गेल्या महिन्यात झाले. डॉक्टरने दंडाकडे एकदा पाहिले आणि फॉर्मवर एक ओळ लिहिली.

लष्कराला कायमचा टॅटू कोठे चालतो, हे कोठल्या गुप्त फायलीत दडवून ठेवलेले नाही. कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंतचा हाताचा आतला भाग आणि तळहाताची मागची बाजू, एवढ्याच जागा. आदिवासी उमेदवारांच्या रूढीनुसार असलेल्या गोंदणाला वेगळी सवलत आहे. सीआरपीएफ, बीएसएफ यांसारख्या केंद्रीय दलांत तर हाताचा आतला भाग डाव्याच हाताचा चालतो, कारण उजव्याने सॅल्यूट ठोकायचा असतो, नाहीतर मग तळहाताची मागची बाजू. या दलांत आशयही धार्मिक चिन्हाचा किंवा नावाचा आणि आकार त्या भागाच्या पावपटीहून कमी. हे भरतीच्या नियमांत छापलेले असते. तीच राजमुद्रा वीतभर खाली, हाताच्या आतल्या अंगाला काढली असती तर लष्कराच्या मेडिकलला तिची काहीच हरकत नव्हती. वीतभर!

आणि अकॅडमी? फीचा हप्ता दोन दिवस उशिरा आला तर फोन करणाऱ्या, निवड झालेल्या प्रत्येक मुलाचा फोटो फ्लेक्सवर लावणाऱ्या त्या अकॅडमीच्या सरांनी हा दंड रोज पहाटे पाहिला होता. पहिल्या दिवशी ते "भारी दिसतोय रे" म्हणाले. हे सर भरतीचे मार्गदर्शक म्हणवतात. उंची किती, छाती किती फुगली पाहिजे, हे त्यांना झोपेतून उठवले तरी सांगता येते, आणि टॅटूची एक ओळ मात्र त्यांना सांगता येत नाही? परवा भेटले तेव्हा म्हणाले, नशिबात नव्हते. नशिबाचा येथे काय संबंध? महिन्याचे पैसे तुम्ही घेत होता, नशीब घेत नव्हते.

मावशींचेही तेच. "मी म्हणत होते ना, असले चालत नाही," असे त्या आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. तुम्ही 'आपल्यात' चालत नाही म्हणत होता, मावशी. 'दंडावर' चालत नाही असे तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, कारण ते तुम्हालाही ठाऊक नव्हते आणि ठाऊक करून घ्यायची गरज वाटली नाही. संस्कारांवर तासभर बोलायला तुम्हाला वेळ होता. मुलाने ते एका कानाने ऐकले आणि दुसऱ्या कानाने सोडून दिले, आणि त्यात त्याचे काहीही चुकले नाही.

टॅटू काढणाऱ्यांनो, समोर कोवळ्या मिशांचा पोरगा बसला की मशीन सुरू करण्याआधी 'भरतीला जाणार आहेस का' एवढे चार शब्द विचारायला तुमचे काय जाते? एक गिऱ्हाईक हातचे जाईल फार तर, आणि तेही जाणार नाही, तो दंडाऐवजी हात पुढे करील.

आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनो, तुम्ही दोन-दोन वर्षे पाय फोडून घेता, आणि जाहिरातीतले नियम स्वतः वाचत नाही, कोणाच्या तरी स्टेटसवर विसंबता. पोलीस, सैन्य, रेल्वे, ज्याची तयारी चालू आहे त्याचे नियम आधी वाचा, समजले नाहीत तर भरती कार्यालयात जाऊन विचारा, आणि मग खुशाल काढा, कोण अडवतो? ज्यांच्या दंडावर आधीच आहे त्यांनी मेडिकलच्या आठवडाभर आधी लेझरकडे धावत सुटू नये. आठवड्यात तो जात नाही, ताजी जखम मात्र डॉक्टरला दारातूनच दिसते.