कांद्याचा निर्णय मुंबईत होत नाही

शेती राज्याचा विषय आहे म्हणून कांद्याच्या भावाला राज्य सरकारच जबाबदार, हे तुमच्या लेखातलं वाक्य अर्धवट आहे. शेती आणि बाजार राज्यसूचीत, म्हणजे राज्यघटनेतल्या राज्याच्या विषयांच्या यादीत आहेत हे खरं, पण परदेशाशी व्यापार, आयात-निर्यात हे सगळं संघसूचीत, म्हणजे दिल्लीच्या हातात. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क आणि ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदी, दोन्ही केंद्राने केलं, त्यात विधानसभेला मत द्यायचा प्रश्नच नव्हता.

आम्ही चांदवडकडचे, तेव्हा लाल कांदा ट्रॉलीत भरलेला आणि लिलाव बंद, मग गावातली सगळी मंडळी निवेदन घेऊन आमदाराकडे गेलो, मी पण होतो, खासदाराकडे जायचं कुणाला सुचलंच नाही. संपादक साहेब, तेवढं वाक्य दुरुस्त करा प्लीज, आमच्याकडे लोक वाचतात हे.