खुलासा : निरीक्षणगृहातलं ध्यान आणि ‘डोळे मिटा’

‘तिहारमध्ये ध्यानाने कैदी बदलले, मग निरीक्षणगृहातल्या मुलांनाही रोज अर्धा तास डोळे मिटून सक्तीने बसवा,’ असा मजकूर फिरतोय. (निरीक्षणगृह म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलांना चौकशीच्या काळात ठेवतात ती जागा.) तो चुकीचा आहे. दिल्लीच्या तिहार तुरुंगातलं १९९४ चं मोठं विपश्यना शिबिर दहा दिवसांचं होतं आणि प्रौढ कैद्यांसाठी होतं.

मारहाण सोसलेल्या मुलाला डोळे मिटून बसवलं की तेच प्रसंग पुन्हा समोर येऊ शकतात. श्वास अडकतो, मूठ वळते, आणि आपण म्हणतो, ‘हा ऐकत नाही.’ म्हणून डोळे उघडेच राहू द्या, नजर समोर दोन हात अंतरावरच्या फरशीवर. पाठ भिंतीला, दार दिसेल असं. आधी पंधरा मिनिटं ताडासन, वीरभद्रासन, उत्कटासन असं अंग दमवणारं काही घ्या. मग चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर, पाच-सहा वेळा, बस्स. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, नको. झटक्याने श्वास बाहेर टाकायची कपालभातीही नको, छातीतली धडधड वाढली की मुलाला ती भीतीच वाटते. शवासनाऐवजी बसूनच विश्रांती.

आसन सुधारायला हात लावू नका, स्वतः करून दाखवा. ‘नको’ म्हणणाऱ्याला बाजूला बसू द्या. आणि शिक्षा म्हणून योग तर कधीच नाही.