मावशी, पिशवी द्या ना!

आमच्या गल्लीतल्या भाजीच्या गाड्यांवर आम्ही सहाजणी जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून ठेवतो, त्याला आता दोन पावसाळे झाले. कौतुक नको. पहिला महिना आम्ही चुकीच्या माणसाशी भांडत होतो.

भाजीवाल्या मावशींशी. "बंदी आहे ना कॅरीबॅगवर?" मावशी मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला काय हौस आहे का? बंडलाला माझेच पदरचे पैसे जातात. पण पिशवी नाही म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर."

चूप बसले. 23 जून 2018 पासून राज्यात प्लॅस्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा पहिल्या वेळचा दंड होता 5,000 रुपये. दिवसभर उन्हात उभं राहून मावशींना एवढे सुटतात का? आणि दहा रुपयांच्या मिरच्यांना वेगळी पिशवी मागणारे आपण, हात हलवत आलेले!

मग आठही गाड्यांनी एकाच सोमवारी कॅरीबॅग बंद करायचं ठरलं. एकीनं जरी लपवून ठेवल्या असत्या, तरी सगळं मुसळ केरात. कापडी पिशवीला दहा रुपये अनामत, पिशवी आणून दिली की पैसे परत. भाजीचं जमलं. मासळीचं नाही. "पापलेट काय साडीत बांधू?" कोळीणबाईंनी विचारलं. डबे आणा म्हणून सांगून आमचे घसे बसले, निम्मी आळी अजून आणत नाही.

पण माझा खरा राग त्या 'कापडासारख्या' रंगीत पिशव्यांवर आहे. मिठाईवाला म्हणाला, "कापडीच आहे हो, ताई." घरी येऊन कोपऱ्याला काडी लावली. सुती कापडाची राख होते. ही आक्रसली, वितळली आणि टोकाला काळा टणक मणी झाला. पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लॅस्टिकच. आपण मात्र ती घडी घालून 'पर्यावरणवाली' म्हणून जपतो. घरातल्या एकीला काडी लावून बघाच, पण मोरीत.

परवा नवरा रिकाम्या हातानं टोमॅटो आणायला गेला. मावशींनी अनामत मागितली, तर खिशात सुटे नाहीत. "तुमच्याच बायकोचा नियम आहे, साहेब," म्हणाल्या.

हेल्मेटमध्ये टोमॅटो घेऊन आला.