काका म्हणाले म्हणून

पाकिटांच्या डिझाइनची नोकरी बदलायचीय हे मी ऑफिस सोडून सगळ्यांना सांगून झालं होतं, अगदी नौपाड्यातल्या भाजीवाल्या मावशींनाही. वाशीची मैत्रीण म्हणाली, पोर्टफोलिओची लिंक पाठव, आमच्या एचआरला देते. मी गुगल ड्राइव्हचा फोल्डर पाठवला. त्यात फायली होत्या फायनल, फायनल २, फायनल_काका_ओके आणि फायनल_काका_ओके_आता_खरंच. तिचा फोन आला, "अगं हा पोर्टफोलिओ नाहीये, पंचनामा आहे."

मग बसले साइट बनवायला. बिहान्सवर (डिझायनर आपली कामं मांडतात ती साइट) टाकावं की स्वतःचं डोमेन घ्यावं यात एक रविवार गेला. बिहान्स २००५ पासून आहे, २०१२ मध्ये अडोबीने घेतलं, तिथे रिक्रूटर फिरतात हे सगळं खरं, पण तिथे शेजारच्या चौकोनात कुणीतरी हेलसिंकीच्या मेट्रोचे साइनबोर्ड केलेले असतात आणि माझ्या चौकोनात अर्धा किलो भाजणी. म्हणून डोमेन घेतलं. पहिल्या वर्षाचा दर बघून खूश झाले, दुसऱ्या वर्षाचा बारीक अक्षरात होता, तो पैसे भरल्यावर वाचला (बारीक अक्षरं कशी लपवायची हे मला यायला हवं होतं, पोटापाण्याचं काम आहे माझं).

नंतर आठ दिवस मी फक्त माझ्या नावाचा फॉन्ट निवडत होते. मुक्ता लावला, बदलला, बलू लावला, फार गोलमटोल वाटला, पुन्हा मुक्ता. नऊ वर्षं ज्या क्लायंट काकांना शिव्या घातल्या, तसलीच काका मी स्वतः निघाले. फरक इतकाच की ते निदान चहा पाजायचे.

खरी गोची केस स्टडीची. नुसतं पाकिटाचं चित्र टाकून चालत नाही म्हणे, रिक्रूटरला तुमचा विचार दिसला पाहिजे: प्रॉब्लेम काय, रिसर्च काय, किती पर्याय काढले, हाच का निवडला. आता माझं सगळ्यात बरं काम म्हणजे एका फरसाणवाल्यांचं चिवड्याचं पाकीट. पिवळं का? जावईबापू म्हणाले म्हणून. लोगो एवढा मोठा का? काका खुर्चीमागे उभे होते म्हणून. 'आमची कुठेही शाखा नाही' हे तीन ठिकाणी का? त्याला कारणच नाही, ती श्रद्धा आहे.

पण मी लिहिलं. 'वापरकर्त्यांच्या मुलाखतींमधून उष्ण रंगाची गरज पुढे आली' असं चक्क लिहिलं. विचारमंथनाचा फोटो हवा म्हणून हॉलच्या भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या, छान तिरपा उजेड बघून फोटो काढला, टाकला. चार दिवसांनी मैत्रिणीने विचारलं, "युजर जर्नीत कढीपत्ता कुठून आला?" झूम करून बघते तर मधल्या गुलाबी चिठ्ठीवर आईच्या अक्षरात 'दूध १ लि., कढीपत्ता, गॅसवाल्याला फोन'. खरं सांगायचं तर अख्ख्या भिंतीवर तेवढीच एक चिठ्ठी खरी होती.

लिंक लोकलमध्ये उघडून बघितली तेव्हा आणखी एक शोध लागला. ठाण्याहून पनवेल गाडीत बसले, दिघा गावला लिंक दाबली. ऐरोलीपर्यंत गोल फिरत होता. रबाळ्याला पाकिटावरच्या काकांच्या दिवंगत वडिलांचा फेटा आला, घणसोलीला भुवया, कोपरखैरणेला मिशी. तुर्भ्याला मी उतरले तरी चिवडा आलेला नव्हता. फोटो १४ एमबीचा होता, प्रिंटची फाइल तशीच चढवलेली. रात्री सगळे फोटो १६०० पिक्सेलवर आणून वेबपी (वेबसाठीचा हलका फोटो फॉरमॅट) केले, २०० केबीच्या आत.

आईला दाखवलं. तिच्या फोनमध्ये अक्षरं सगळ्यात मोठी ठेवलेली, त्यामुळे माझं शीर्षक थेट काकांच्या वडिलांच्या तोंडावर. तरी तिने चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाली, "यात तू काय केलंस ते कुठंय? आणि त्या फोटोवरून तुझी नि काकांची किती वाजली होती, ते का नाही लिहिलंस?"

वाजली होतीच. काकांना पाकिटावर वडिलांचा रंगीत फोटो हवाच होता, आणि फोटो म्हणजे १९७० च्या आसपासचा, ओल लागलेला, छापला असता तर नुसता डाग दिसला असता. शेवटी मी त्याचं रेघांचं चित्र केलं, एका रंगात, पोस्टाच्या शिक्क्यासारखं गोल. शाईचा खर्च कमी झाला, खाली चिवडा दिसायला पारदर्शक खिडकी सुटली आणि काका ते बघून बराच वेळ काहीच बोलले नाहीत. लोगोसुद्धा मोठा कर म्हणाले नाहीत.

मुलाखती-बिलाखती सगळं उडवलं, हे असंच्या असं लिहिलं. चार कामं ठेवली, प्रत्येकाखाली माझं काय, प्रिंटरचं काय, काकांचं काय ते स्पष्ट. चिठ्ठ्यांचा फोटो काढून टाकला, आईला जरा वाईट वाटलं.

तीन आठवड्यांनी ऐरोलीच्या एका कंपनीतून मॅडमचा फोन आला. फेट्याचा किस्सा टीमला वाचून दाखवला म्हणाल्या, गुरुवारी या म्हणाल्या. मी हवेत. ठेवता ठेवता त्या थांबल्या, "एक सांगू का, राग मानू नका. साइटवर तुमचं नाव पटकन सापडत नाही हो. जरा मोठं करता येईल?"

केलं. फाइल सेव्ह केली, फायनल_मॅडम_ओके.